एका ब्रीकीसाठी कोलोनला

लोक कोलोनला कथीड्रल बघायला जातात, कार्निवलला जातात, नदीकाठी बिअर प्यायला जातात. मी रागाच्या भरात गेले. त्यामुळे या पोस्टमध्ये 'कोलोनमधल्या दहा न चुकवण्यासारख्या जागा' शोधत असाल तर आधीच सांगते, मी त्यातल्या दोनच पाहिल्या आणि त्याही धड नाही.

माझ्या बॅगेत एक पितळी भांडं होतं. ओंजळीत मावेल एवढं, लांब दांड्याचं, आतून कल्हई केलेलं. ग्रीक लोक त्यात कॉफी करतात आणि त्याला ब्रीकी म्हणतात. हे भांडं आमच्या वरच्या मजल्यावरच्या किरिया तासूलांचं. किरिया म्हणजे ग्रीकमध्ये बाई, मॅडम. एकोणिसाव्या वर्षी इथे, आमच्या एर्लांगेनला, कारखान्यात तारा जोडायला आलेल्या, नवरा इथेच गेला, मुलगी मारिया कोलोनला. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा दार वाजवून भांड्यात काहीतरी घेऊन आलेली ही एकमेव बाई. बाकीच्यांनी कचऱ्याचे डबे कसे वेगळे करायचे याचा कागद दारात सरकवला होता.

जानेवारीत त्या जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून त्यांनी मला फर्मान सोडलं, "कोरी मू, इथली कॉफी म्हणजे गरम पाणी आहे. किल्ली तुझ्याकडे आहे, माझी ब्रीकी घे, करून आण." कोरी मू म्हणजे माझ्या पोरी. मी केली, थर्मासमधून नेली, त्यांनी नावं ठेवत प्यायली. सगळं छान चाललं होतं.

आणि मग एका सकाळी घाईत मी त्या ब्रीकीत वरणाला फोडणी दिली.

हसू नका. तुमच्यापैकी कुणीही दिली असती. ओट्यावर समोर लांब दांड्याचं, अगदी फोडणीच्या कढल्याएवढं भांडं, हातात मोहरीचा डबा, ऑनलाइन मीटिंगला सात मिनिटं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. आतली कल्हई एका बाजूने काळी पडली आणि हिंगाचा वास भांड्यात जो मुरला तो चिंचमीठ, सोडा, लिंबू, कशालाही दाद देईना. अशा भांड्यातली कॉफी त्यांना कोणत्या तोंडाने नेणार? मी स्टीलच्या पातेलीत कॉफी करून नेऊ लागले आणि कल्हई करून देणारा माणूस शोधू लागले. आमच्या या फ्रांकोनिया प्रांतात कल्हईवाला! एका कारागिराने मला ईमेलवर विचारलं की भांडं संग्रहालयाचं आहे का. 'पुढच्या आठवड्यात बघू' असं म्हणत मी ती ब्रीकी कपाटात मागे ढकलली. नितीन, माझा नवरा, म्हणाला, "अगं, सरळ सांग ना त्यांना." मी सांगितलं नाही.

मार्चमध्ये मारियाने त्यांना परस्पर कोलोनच्या वृद्धाश्रमात हलवलं. त्यानंतर एका मंगळवारी घरं रिकामी करून देणाऱ्या कंपनीची माणसं आली आणि अंगणात कंटेनर लावला. दुपारपर्यंत त्रेपन्न वर्षांचा संसार त्यात गेला. विणलेल्या चादरी, जेवणाचं टेबल, तुळशीसारख्या दिसणाऱ्या बेसिलिकमच्या कुंड्या, फ्रेममधला नवरा. मी खाली धावत गेले, तर एक जण म्हणाला, "आम्हाला सगळं काढायला सांगितलंय, सगळं म्हणजे सगळं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर येऊन कपाट उघडलं, तर त्या घरातली एकच वस्तू शिल्लक होती आणि ती मी खराब करून लपवून ठेवली होती.

मारियाला फोन केला. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई कुणालाच भेटत नाही. आल्या माणसाला हाकलून देते. डॉक्टर म्हणतात डिप्रेशन. तुम्ही उगाच एवढ्या लांब येऊ नका."

मी शनिवारचा प्लॅन केला.

आता उपयोगाची माहिती. जलद गाडीने एर्लांगेनहून कोलोन साधारण चार-साडेचार तास. मी देशभर चालणारं महिन्याचं तिकीट वापरून साध्या गाड्यांनी गेले. फ्युर्थ, वुर्झबुर्ग, फ्रांकफुर्ट, माइंझ, कोब्लेंझ असे बदल करत सात तासांच्या वर लागतात. पहाटे निघावं लागतं, डबा घरून न्यावा. माइंझनंतर उजव्या बाजूची खिडकी पकडा. तिथून ऱ्हाइन नदी जी सोबत करते ती थेट कोब्लेंझपर्यंत. दोन्ही तीरांवर किल्ले, उतारांवर द्राक्षांचे मळे, मालवाहू बोटी. मी त्यातलं निम्मंच पाहिलं, कारण मी मोबाइलवर पितळेतला हिंगाचा वास कसा घालवायचा ते शोधत होते.

ते मिळालं नाही. पण शोधता शोधता 'ब्रीकी' या शब्दाचीच कुंडली हाती लागली. मूळ फारसी. आब म्हणजे पाणी, आपल्या आबदारखान्यातला आब तोच, आणि रेज म्हणजे ओतणं. पाणी ओतायचं भांडं. अरबांनी तो शब्द घेतला आणि इब्रीक केला. त्यांचा इब्रीक म्हणजे चोच असलेली, मान उंच केलेली सुरई. तुर्कांनी अरबांकडून उचलला. ग्रीकांनी तुर्कांकडून घेताना पुढचा इ गाळला, शेवटी आपली ई लावली आणि सुरईचं केलं कॉफीचं चिमुकलं भांडं. ग्रीकमध्ये कुणी तुम्हाला बिनकामाचं समजलं तर चिडून म्हणतात, "ब्रीकिया कोलामे?" आम्ही काय इथे ब्रीक्यांना डाख लावत बसलोय? आपण 'इथे काय माशा मारत बसलोय' म्हणतो तसंच. हे मला आधीपासून माहीत होतं. पार्सलवाला उशिरा आला की वरच्या मजल्यावरून हेच ऐकू यायचं.

त्या लेखाखाली लोक हमरीतुमरीवर आले होते. शब्द तुर्की म्हणजे कॉफीही तुर्की, नाही ग्रीक, नाही अरबी. तीनशे माणसं भांडत होती आणि त्यांच्यातल्या एकालाही ते भांडं रोज घासायला लागत नसावं.

कोलोनला उतरलं की कथीड्रल स्टेशनच्या दारातच उभं असतं. आत जायला पैसे लागत नाहीत, मनोऱ्यावर चढायला लागतात. मी बाहेरूनच नमस्कार केला आणि पुलावरून पलीकडे चालत गेले. या पुलाच्या जाळीवर प्रेमी जोडप्यांनी हजारो कुलपं लावून किल्ल्या नदीत फेकल्या आहेत. फोटो छान येतात. मला तेव्हा कुलूप बघून अजिबात प्रेम आलं नाही. पलीकडच्या तीराला कोलोनवाले चेष्टेने 'शेल झिक' म्हणतात, म्हणजे उलटी बाजू, वाकडी बाजू. वृद्धाश्रम तिथेच, ट्रामने वीस मिनिटं.

वाटेत तुर्की दुकानातून बारीक दळलेली कॉफी घेतली. दुकानदाराला कौतुकाने ब्रीकी दाखवली, शब्द सांगितला. तो मोठ्याने हसला. "इब्रिक? इब्रिकने माझे वडील नमाजाआधी हातपाय धुवायचे! याला आम्ही जेझवे म्हणतो." मग नाकाशी नेऊन त्याने चेहरा वाकडा केला. "यात काय शिजवलंत?"

आश्रमाच्या दारावर पाटी होती, 'इथे तुम्ही घरीच आहात.' स्वागतकक्षात सही, ओळखपत्र, पाहुण्यांसाठी पिवळा बिल्ला. जागा स्वच्छ, प्रशस्त, माणसंही वाईट नव्हती, ते मान्य करते. तासूला खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. केस कुणीतरी भलत्याच बाजूने विंचरलेले. मला पाहिलं, ओळखलं, आणि मान फिरवली.

"कशाला आलीस?"

"तुम्हाला भेटायला, किरिया तासूला."

"मला वेळ नाही."

मी शेजारी बसून बॅगेतून ब्रीकी काढली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, दांडा चाचपला, आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. इथे माझ्या घरात काही नाही. जा, गाडी चुकेल."

गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मी तसं म्हटलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. सात तासांचा प्रवास आणि चार मिनिटांची भेट. मी बाहेर येऊन थेट व्यवस्थापक बाईंच्या खोलीत शिरले आणि विचारलं, त्यांना खोलीत छोटी शेगडी का देत नाही? त्या अतिशय नम्र होत्या. आगीपासून संरक्षणाचा नियम. मग मजल्यावरच्या स्वयंपाकघरात? तिथे स्वच्छतेचा नियम, रहिवाशांना प्रवेश नाही.

"कॉफी आम्ही दिवसातून तीनदा देतो, फ्राउ कुलकर्णी. त्यांना काही कमी पडत नाही."

"दारावर तर घर लिहिलंय तुम्ही."

"गेनाऊ," त्या हसून म्हणाल्या. अगदी बरोबर. त्यांना त्यात काही खटकलंच नाही.

फाटकाबाहेर उभं राहून मी मारियाला फोन लावला आणि सगळा राग तिच्यावर काढला. कंटेनर, टेबल, वडिलांची फ्रेम, सगळं. मग ती म्हणाली, "घरमालकाने घर झाडून-पुसून रिकामं मागितलं होतं, महिनाअखेरीला. माझ्या दोन नोकऱ्या आहेत. तीन दिवस मी एकटी तिथे जाऊन बसले आणि एकही कपाट उघडू शकले नाही, म्हणून माणसं बोलावली. फ्रेम त्या माणसांनी कंटेनरमधून काढून दिली, ती माझ्याकडे आहे. तुम्ही तिची मुलगी नाही आहात." फोन बंद झाला. चिडलेल्या माणसाला समोरचा थोडासा बरोबर निघाला की तो जास्तच चिडतो. मी ट्राम सोडून दोन स्टॉप पायी चालले.

रात्रीचा मुक्काम देशमुख काकांकडे होता. नितीनच्या वडिलांचे मित्र, चाळीस वर्षं कोलोनमध्ये, निवृत्त इंजिनिअर. संध्याकाळी त्यांनी मला जुन्या भागातल्या बिअरघरात नेलं. तुम्हीही जाल, म्हणून सांगते. इथली क्योल्श बिअर छोट्या उभ्या ग्लासात येते आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. आणि 'हाल्वे हान' मागवलंत तर अर्धी कोंबडी येत नाही, पाव आणि चीज येतं. शाकाहारी असाल तर बिनधास्त मागवा.

मी काकांना ब्रीकीची गोष्ट सांगितली आणि पस्तावले. काकांचे डोळे चमकले. "फारसी? अगं, आब म्हणजे आपला संस्कृत आप! आणि रेज म्हणजे रिच्, रिक्त, आपलं रितं करणं. म्हणजे मूळ आपलंच की!"

"आपलं नाही काका, भावंडं आहेत ती. फारसी आणि संस्कृत बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत."

"ते झालंच गं. पण बघ, कुठून कुठे गेला आपला शब्द!"

माझा बांध फुटला. "काका, तिथे एक बाई खिडकीकडे तोंड करून बसल्येय, तिच्या घरातलं एकूण एक भांडं गेलं, आणि तुम्ही त्या भांड्याच्या नावावर सातबारा उतरवून घेताय! कुणाचं का असेना मूळ! चार मुलखांतल्या बायकांनी ते वापरलं, प्रत्येकीने आपल्या सोयीने वळवलं, तेव्हा कुठे ते टिकलं. एकीनेही विचारलं नसेल कुणाचं म्हणून."

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. काकांनी ग्लासावर चकती ठेवली. मला लगेच वाईट वाटलं, त्यांचंच जेवण जेवत होते मी. तेव्हा इतका वेळ चीज कुरतडत बसलेल्या काकू बोलल्या.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पाच आठवडे त्या रेहात, पुनर्वसन केंद्रात, होते. तुम्हाला आठवतं का हो? मंडळाच्या बायका भेटायला आल्या की मी झोपेचं सोंग घ्यायचे."

"औषधांनी झोप यायची तुला," काका म्हणाले.

"कसली झोप! दोन तास गाडी चालवून माणसं येतात, आणि मी त्यांना घोटभर चहा देऊ शकत नाही. नुसतं बसून राहायचं त्यांच्या तोंडाकडे बघत? लाज वाटायची मला. त्यापेक्षा न आलेली बरी." मग माझ्याकडे वळून, "काय म्हणाली ती तुला नेमकं?"

"माझ्या घरात काही नाही, म्हणाल्या."

"मग सांगितलंच की तिने."

इतकं साधं. डिप्रेशन असेलही, मी डॉक्टर नाही. पण माझ्या आईच्या घरी कामवालीसुद्धा चहा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे, आणि मला हे काकूंनी सांगावं लागलं. सात तास मी शब्दाच्या मागे फारसपर्यंत जाऊन आले आणि ती बाई जर्मनमध्ये जे सरळ बोलली ते मला ऐकू आलं नव्हतं.

रविवारी जर्मनीत सगळं बंद असतं. दुकानं बंद, ऑफिसं बंद, आणि देवाच्या कृपेने व्यवस्थापक बाईंची खोलीही बंद. मजल्यावर एक पोलिश परिचारिका होती, पन्नाशीची, रुंद खांद्यांची. मी तिला नियमांबद्दल काही विचारलं नाही. सांगितलं, या बाईंना पाहुण्यांना काही देता येत नाही म्हणून त्या पाहुण्यांना हाकलतात. "आल्झो," ती म्हणाली, म्हणजे बरं तर, आणि कमरेच्या किल्ल्या काढल्या. "मला तिथले फ्रिज तपासायचेच आहेत. अर्धा तास लागेल."

तासूला यायला तयार नव्हत्या. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "किरिया तासूला, मी तुमच्याकडे कॉफीला आलेय. कालपासून मला कुणी विचारलेलं नाही." त्यांनी मान वळवली. मग वॉकर ओढला.

काचेची शेगडी तापायला वेळ लागला. त्यांनी ब्रीकीत पाणी घेण्याआधी आत डोकावून पाहिलं, वास घेतला, काळ्या डागावरून बोट फिरवलं. मी सगळं कबूल केलं. वरण, मोहरी, हिंग, लपवाछपवी, सगळं. मग जे सुटलं ते अर्धं जर्मन, अर्धं ग्रीक, आणि पूर्ण माझ्या उद्धारासाठी. सत्तर वर्षं चाललेलं भांडं! तेल! यात तेल! "ब्रीकिया कोलामे?" परिचारिका फ्रिजमागून घाबरून बघायला लागली. मारियाच्या म्हणण्याप्रमाणे माणसं हाकलण्यापुरतं सोडलं तर या बाईने महिनाभरात तोंड उघडलं नव्हतं.

ओरडता ओरडताच त्यांनी कॉफी घातली, आणि तोच चढलेला आवाज ठेवून विचारलं, "साखर किती?"

"एक चमचा."

"आणि हिला विचार!"

परिचारिका म्हणाली, ड्यूटीवर चालत नाही. तासूलांनी वॉकरच्या दांड्याने खुर्ची दाखवली. ती बसली. ओतताना तासूलांकडून थोडी कॉफी शेगडीवर सांडली आणि पुसायला मी उठले तर त्यांनी मला खाली बसवलं. फेस तिन्ही कपांत मोजून सारखा वाटला. कॉफीला हिंगाचा स्पष्ट वास होता. तिघींनीही ती शेवटपर्यंत प्यायली आणि मी दुसरा कपही घेतला. त्यांनी माझ्या मुलीची, सईची, चौकशी केली. नितीन अजून जिन्यात सायकल ठेवतो का, विचारलं. मग विचारलं, "माझ्या बेसिलिकमला पाणी कोण घालतं?"

मी म्हटलं, "मी." आजवर एवढं सरळ खोटं मी बोलले नव्हते. त्यांनी माझा हात थोपटला, आणि त्या थोपटण्याचा मला अजून त्रास होतो.

ब्रीकी तिथेच राहिली, परिचारिकेच्या कपाटात. त्याच दुपारी परतीची गाडी. या खेपेला ऱ्हाइन डावीकडे होती, आणि माझा राग जागच्या जागी होता. गाडीत बसून मी आश्रमाला अर्ज लिहिला, तासूलांना स्वतः कॉफी करू द्यावी म्हणून. जर्मनीत नुसतं ओरडून काही होत नाही, रागसुद्धा लेखी द्यावा लागतो, मुद्दे क्रमवार, शेवटी स्नेहपूर्ण अभिवादन. मारियाला माफीचा मेसेज केला, सोबत अर्ज पाठवला. तिने अर्ज वाचून दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली स्वतःची सही जोडली.

घरी आले तर वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू राहायला आला होता. दार वाजवून त्याला थोडा शिरा देऊन आले.

तीन आठवड्यांनी आश्रमाचं उत्तर आलं. परवानगी आहे. दर शनिवारी दुपारी तीन ते साडेतीन, मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली. अट एकच: पाहुणा हजर असला तरच. त्याचं नाव गुरुवारपर्यंत कळवायचं. पाहुणा नसेल त्या शनिवारी स्वयंपाकघर उघडणार नाही. स्वतःसाठी कॉफी करायची मुभा त्या बाईला नाही. हे वाचून मी पुन्हा पेटले, दुसरा अर्ज लिहायला घेतलाय, त्याला वेळ लागेल. महिन्यातला पहिला शनिवार मारियाचा. एक मी करते, एक काकूंनी मागून घेतला, काकाही सोबत जातात आणि शब्दांबद्दल बोलायचं नाही अशी त्यांना तंबी आहे. उरलेले शनिवार रिकामे आहेत.

कोलोनमध्ये शिकणारे, नोकरी करणारे तुमच्यापैकी बरेच जण हे वाचतात, मला माहीत आहे. ज्यांना जमेल त्यांनी मला लिहा, पत्ता कळवते, नाव मी नोंदवते. मुख्य स्टेशनवरून ट्राम थेट जाते. ग्रीक यायची गरज नाही. जाताना काही नेऊ नका, फळं नकोत, फुलं नकोत, केक तर नकोच. कॉफीला वास येईल, विचारलंत तर त्या माझं नाव घेऊन ओरडतील, ओरडू द्या. त्या विचारतील, साखर किती. आपल्याकडे दोनदा 'नको, कशाला उगाच' म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायची रीत आहे. ती तिथे पाळू नका. त्यांच्याकडे अर्धाच तास असतो.